गावातल्या माणसांचे फोटो काढताना विचारायचं कसं? आधी की नंतर?

ऑरेंजसिटी_रायडर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचाच, मनीषनगरला राहतो. दोन वर्षांपासून नाद लागलाय, रविवार आला की बाइक काढायची आणि सत्तर-ऐंशी किलोमीटर कुठंतरी जाऊन यायचं. रामटेक, पारशिवनी, मांढळ, काटोलकडच्या संत्र्याच्या बागा, सगळं फिरून झालं. आधी देवळं, तळी, सूर्यास्त असं काढत होतो पण आता त्याचा कंटाळा आलाय, आता माणसं काढावीशी वाटतात. आणि तिथंच गाडी अडून राहिली.

मागच्या रविवारी उमरेड, भिवापूर, पवनी असा गेलो. भिवापूरकडे रोडला लागून मिरचीचा सातरा लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाळलेल्या मिरच्यांचे ढीग टाकलेले असतात आणि बाया ओळीनं बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात. सत्तर-ऐंशी बाया असतील, तोंडाला फडकी बांधलेली, सगळीकडे लालच लाल, आणि मधून मधून शिंका. मी रोडवरूनच ७०-३०० लावून, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी लेन्स, धडाधड काढत सुटलो. चार-पाच मिनिटांनी एका आजीचं लक्ष गेलं, तिनं पदर तोंडावर ओढला. तिच्या बाजूची बाई तिथूनच ओरडली, "काऊन गा बाबू, चोरून काढून राहिला का? सामने ये ना!" सगळ्या हसल्या. मी पण येड्यासारखा हसलो, गाडी स्टार्ट केली आणि निघालो. घरी येऊन पाहिलं तर फोटो एक नंबर आलेत, पण अपलोड करायला हात धजत नाहीये.

पुढं पवनीला वैनगंगेच्या घाटावर उलटंच झालं. एक बाबाजी बसले होते, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा, काय चेहरा होता यार. इथं शहाणपणा करून आधी विचारलं. हो म्हणाले, टोपी सरळ केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि असे बसले जसा समोर आधार कार्डवाला आहे. सोळा फोटो काढले, सोळाही सेम. निघताना म्हणाले, "भेटन ना मले एखादा?" मी हो म्हणून टाकलं. नाव पण नाही विचारलं त्यांचं.

तर विचारलं की माणूस लाकूड होते आणि नाही विचारलं की आपण चोर. तुम्ही लोकं काय करता? पैसे द्यावे का? आणि लेन्स कोणता नेऊ, ५० एमएम पडून आहे घरी.

स्ट्रीटवाला_३५

भाऊ एवढं काय मनाला लावून घेऊन राहिला. सार्वजनिक जागेत फोटो काढायला प्रत्येकाची परवानगी घ्या असा आपल्याकडे सरसकट कायदा नाहीये. रोडवर उभा होता ना तू? मग झालं. फोटोचा कॉपीराइट पण काढणाऱ्याचाच असतो. विचारून काढलेला फोटो म्हणजे पासपोर्ट फोटो. अपलोड कर बिनधास्त.

पन्नासचा_लेन्स

कायदा नाही म्हणून काहीही चालते असं नाही ना. जाहिरातीत, कॅलेंडरवर वापरायचा असला किंवा स्टॉक साइटला, म्हणजे फोटो विकणाऱ्या वेबसाइटला, विकायचा असला तर त्या माणसाची लेखी संमती मागतातच, तिथं "रोडवर उभा होतो" चालत नाही. आणि अंदमानात जारवा आदिवासींचे फोटो काढणं हा तर सरळ गुन्हा आहे, २०१२ च्या दुरुस्तीपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्याला. पण तो विषय वेगळा, मूळ प्रश्नावर येतो.

रायडर भाऊ, मी वीस वर्षं लग्नाचे फोटो काढून पोट भरलं आणि सुट्टीत गावं फिरलो, तर माझा अनुभव सांगतो, लांबण लागली तर माफ करा.

सगळ्यात आधी ती ७०-३०० घरी ठेव. लांबून ओढून घेतलेला चेहरा ओळखू येतो, त्यात माणूस तुझ्याकडे पाहत नसतो, आणि तू पकडला गेला की पळायलाच लागते, जसा पळाला. ५० लावला की आपोआप सहा-सात फुटांवर जावं लागते आणि एवढ्या जवळ गेल्यावर काही बोलल्याशिवाय उभं राहता येत नाही. ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यानं नाकाजवळ नेऊन काढू नका, नाक भोपळ्यासारखं येते, थोडं मागे सरका आणि २एक्स झूम वापरा. पोर्ट्रेट मोड टोपीची कड आणि पदराचे काठ खाऊन टाकते, तो बंद ठेवा.

दुसरं, दुपारी अकरा ते चार आपल्या विदर्भात उघड्यावर चेहरा काढूच नका. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. त्यात पांढरी टोपी आणि उन्हानं रापलेला चेहरा म्हणजे कॅमेऱ्याचं डोकं फिरते, चेहरा बरोबर आला की टोपी जळते, म्हणजे नुसती पांढरीफटक येते. माणसाला ओसरीत बसवा, उंबरठ्यापासून हातभर आत, तोंड अंगणाकडे. समोरच्या सारवलेल्या अंगणावरून जो उजेड वर येते ना, तसा कुठल्याच स्टुडिओत भेटत नाही. फक्त भिंतीला नीळ घातलेला चुना असला तर गालावर निळी छटा येते, तेवढं नंतर बघावं लागते.

आता लाकडाचं. ते बाबाजी लाकूड नव्हते झाले, ते फोटोला बसले होते. त्यांच्या हिशोबानं फोटो म्हणजे असाच असते, टोपी सरळ, बटण लावलेलं, कॅमेऱ्याकडे नजर. तो फोटो त्यांचा आहे, तो काढायचा, मनापासून काढायचा, डिलीट नाही करायचा. मग कॅमेरा मांडीवर ठेवून त्यांना स्क्रीनवर दाखवायचा. त्याच वेळी माणूस सैल होते, बायकोला हाक मारते, "पाय वं कसा दिसून राहिलो", आणि तुला पाहिजे तो चेहरा तिथं भेटते. घाई केली की नाही भेटत. मला कधी कधी दीड तास लागलाय, दोन कप काळा चहा आणि पिकाची सगळी कथा ऐकून मग.

आणि नाव. नाव विचारत जा बाबा. स्टीव्ह मॅकरीनं १९८४ ला पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो आठवतो ना, १९८५ ला नॅशनल जिओग्राफिकच्या कव्हरवर आला. जगभर फिरला, पण तिचं नाव शरबत गुला आहे हे जगाला कळायला २००२ उजाडलं, आणि तोपर्यंत तिनं स्वतः तो फोटो पाहिलाही नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाकडून राहून गेलं तर आपण कोण. वही ठेव खिशात.

वैनगंगेकाठची

मी नेहमी नुसती वाचते इथं, आज लिहितेय कारण मी पवनी तालुक्यातलीच आहे, नोकरीला नागपुरात असते.

सातऱ्याबद्दल आधी. तिथं बायांना रोजी नसते, किलोवर पैसे असतात. जेवढी मिरची साफ केली तेवढे. म्हणजे तुम्ही "ताई इकडे बघा, ताई जरा हसा" करत पाच मिनिटं घेतली तर ते तिचे पैसे गेले. त्यामुळे मधे जाऊन उभं करू नका कोणाला. दुपारी डबे सोडतात तेव्हा जा, आधी तिथल्या दिवाणजीला सांगा, मग बायांजवळ बसा. आणि फडकं का बांधलंय ते विचारा, ते फोटोसाठी नाही, मिरचीचा खकाणा बसतो घशात, संध्याकाळी हाताची आग होते ती रात्रीपर्यंत जात नाही, माझी आई गोडंतेल लावून झोपायची.

दुसरी गोष्ट माझ्या आजीची. चार-पाच वर्षांपूर्वी कोणीतरी आमच्या गावात येऊन फोटो काढून गेलं. आजी अंगणात तूर पाखडत होती. नंतर माझ्या मैत्रिणीनं मला तो फोटो इंस्टावर दाखवला, ब्लॅक अँड व्हाइट केलेला, खाली लिहिलेलं काहीतरी भूक, संघर्ष, वेदना वगैरे. हजारो लाइक. आमच्या घरी तेव्हा सहा एकर ओलिताची जमीन होती आणि तूर विकायची नव्हती, घरी डाळ करायची होती. कसली भूक?

मी चिडले होते खरी पण आजीला मोबाइलवर दाखवला तर ती भलत्याच गोष्टीवर चिडली. म्हणाली, "बाई वो, पोलकं तं पाय कोन्तं हाय माह्यं! खांद्यावर उसवलं हाय. सांगतलं असतं तं मी लुगडं नाई बदलवलं असतं का?" भूक बिक तिला काही पडलेली नव्हती. आपण उसवलेल्या पोलक्यात लोकांसमोर गेलो याची लाज वाटली तिला. किती दिवस ती तेच म्हणत होती.

मागच्या वर्षी आजी गेली. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधला तर नाही. म्हणजे आहेत, लग्नातले ग्रुपमधले आहेत, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या डोक्यामागे. शेवटी आधार कार्डवरचा दिला स्टुडिओत, त्यांनी मोठा करून मागं निळं आकाश टाकलं आणि कुठल्यातरी दुसऱ्याच बाईच्या अंगावरचं जरीचं लुगडं चिकटवून दिलं. गावात अर्ध्या घरांत असेच फोटो आहेत, पुरुष असला तर त्याला कोट टाय. ज्यानं जन्मात टाय पाहिला नाही तो भिंतीवर टाय घालून. आणि तो इंस्टावाला फोटो, खरं सांगू, चेहरा फार सुंदर आला होता आजीचा त्यात. मी शोधला नंतर खूप, अकाउंटच नाही सापडलं.

म्हणून रायडर दादा, त्या बाबाजींचा बटण लावलेला फोटो नेऊन द्या. तुम्हाला वाटतो लाकूड, त्यांच्या घरी तोच लागेल.

स्ट्रीटवाला_३५

ताई वाचून कसंतरी झालं. माझं बिनधास्त वालं मागे घेतो. पण एक अडचण अजून आहेच, बाजारात, जत्रेत शंभर माणसात कोणाकोणाला विचारणार?

पन्नासचा_लेन्स

जत्रेचं सोड, तिथं गर्दीचा फोटो असतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. पोळ्याला बैल सजवून आणलेला माणूस तर स्वतःच बोलावते, फक्त बैलाचा आधी काढायचा आणि मग त्याचा, उलटं केलं तर रुसते. एकाच चेहऱ्यानं फ्रेम भरणार असशील तर विचार, एवढा साधा हिशोब आहे माझा. नजरेनंही विचारता येते, कॅमेरा थोडा वर करायचा आणि मान हलवायची, समोरच्यानं मान फिरवली की विषय संपला.

झेडपी_गुरुजी

मी गडचिरोलीत एटापल्लीकडे बारा वर्षं शाळेवर होतो, आता भंडाऱ्याला बदली झाली. दोन-तीन गोष्टी सांगतो.

लहान पोरांच्या बाबतीत फार जपून. फिरायला आलेले लोक गाडीतून उतरतात, चॉकलेटचं पाकीट फोडतात आणि पोरं गोळा झाली की फोटो. पहिली गोष्ट, पुढच्या वेळी तीच पोरं प्रत्येक गाडीच्या मागे पळतात आणि वर्गातली निम्मी रस्त्यावर. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं आठवा. पोरं पळवणारी टोळी आली अशी मोबाइलवर अफवा, आठवडी बाजाराचा दिवस, आणि भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. अनोळखी माणूस, हातात कॅमेरा, आणि पोरांना खाऊ देऊन राहिला, गावाच्या जागी बसून विचार करा कसं दिसते ते. गावात शिरल्यावर पहिले पाच मिनिटं पोलीस पाटील नाहीतर सरपंच, तेही नसले तर किराणा दुकानावर थांबायचं. नाव, गाव, कशाला आलो, सांगून टाकायचं. दुकानवाल्याला कळलं म्हणजे गावाला कळलं. पोरांचे काढायचे तर आईबाप नाहीतर शिक्षकांसमोर, आणि शाळेचं नाव, गावाचं नाव टाकून अपलोड नाही करायचे.

माडिया, गोंड गावांत अजून एक. गावाबाहेर मेलेल्या माणसांच्या आठवणीचे उभे दगड असतात, काही जागा देवाच्या असतात, तिथं कॅमेरा काढण्याआधी गावातलं माणूस सोबत पाहिजेच. "जय सेवा" म्हटलं तर लोकांना बरं वाटते, पण तेवढ्यानं आपण त्यांचे होत नाही हेही ध्यानात ठेवा. आणि म्हाताऱ्या बायांच्या अंगावरचं गोंदण दाखवा म्हणून हात धरू नका हो, मी पाहिलंय हे डोळ्यानं, इथलेच सुशिक्षित लोक होते.

पैशाचं म्हणाल तर एकट्याला रोख देऊ नये असं माझं मत. एकाला पन्नास दिले की बाजूच्या दहा जणांत कुजबुज सुरू होते आणि ज्यानं मघाशी प्रेमानं चहा पाजला त्याचा अपमान होतो. पण कोणाचा अर्धा दिवस घेतला, शेतातून उठवून आणलं, तर रोजी द्या, त्यात लाज नाही. तो मोबदला आहे, भीक नाही.

पन्नासचा_लेन्स

गुरुजींशी सहमत, फक्त पैशावर माझं थोडं वेगळं आहे. कोणी स्वतः मागितले तर मी देतो, वाद घालत नाही. मागणं हा त्याचा हक्क, आपण फुकटात कशाला अपेक्षा ठेवायची. पण सगळ्यात भारी म्हणजे प्रिंट. ४ बाय ६ ची प्रिंट शहरात १०-१५ रुपयाला होते, लॅमिनेशन करून घ्या, चुलीच्या धुरात आणि पावसाळ्यात साधी टिकत नाही. मी एकदा ते झटपट प्रिंट निघणारं इंस्टॅक्स नेलं होतं मे महिन्यात. त्या फिल्मला ४० डिग्रीच्या वर चालत नाही आणि आपल्याकडे डिक्कीतच किती होत असन विचार करा. सगळ्यांचे चेहरे पिवळट आले, एक आजी म्हणे "मले कावीळ झाली का रे बाबू?" तेव्हापासून प्रिंटच. ज्याच्या पोराकडे व्हाट्सअप आहे त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, फोटो म्हणून पाठवला की दबून जाते आणि मग त्याची मोठी प्रिंट अस्पष्ट येते.

आणि कॅप्शन कसं लिहावं ते पाहायचं तर पत्रकार पी. साईनाथांनी २०१४ ला सुरू केलेलं पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ते बघा, मराठीतही आहे. तिथं देशभरातल्या जिल्ह्यांतले चेहरे जमवून राहिले ते. नाव, काम, गाव. वेदना बिदना काही नाही.

ऑरेंजसिटी_रायडर

सगळ्यांचे आभार, आणि वैनगंगेकाठची ताई, तुमचं वाचून मी रात्री उठून ते सातऱ्याचे फोटो परत पाहिले. पदर ओढलेल्या आजीचे चार होते, डिलीट केले. बाकीच्यांच्या प्रिंटा काढतो. बाबाजींच्या सोळापैकी एक ८ बाय १२ करतो. जाऊन आल्यावर सांगतो.

ऑरेंजसिटी_रायडर (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. आधी पवनी. घाटावर फोटो दाखवून विचारलं तर दुसऱ्याच माणसानं घर सांगितलं. बाबाजी बाजेवर बसले होते, फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि पहिला शब्द काय तर "टोपी जराशी तिरपी हाय." मग सुनेला बोलावलं, मग शेजारच्याला, मग चहा. नाव लिहून घेतलं यावेळी, वय त्यांनाच माहीत नाही, महापूर आला तेव्हा आपण किती वर्षाचे होतो ते सांगून राहिले होते. आणि हो, फोटो बघत असताना काढला मी एक, कॅमेरा मांडीवरूनच. विचारून दाखवला. तो पण पाहिजे म्हणाले, पण भिंतीवर पहिलाच लावणार.

सातऱ्यावर दुपारी दीडला पोचलो, डब्याच्या वेळेला. ती ओरडणारी बाई होती, ओळखलं तिनं, "आला का चोर" म्हणूनच स्वागत झालं. प्रिंटा वाटल्या तर या ढिगाकडून त्या ढिगाकडे फिरल्या, दोन-तीनवर मिरचीचे लाल अंगठे पण उठले. पदरवाली आजी आली नव्हती त्या दिवशी. ओरडणारी ताई म्हणे, "हे असे फडकं बांधून नोको काढू, सोमवारी मी चांगली साडी नेसून येतो, तवा काढ." मी म्हटलं सोमवारी ऑफिस आहे, तर म्हणे मग कायचा फोटोवाला तू.

आता लोचा असा झालाय की आठ-नऊ जणींना पासपोर्ट साइज पाहिजेत, कुठल्याशा फॉर्मला लागतात, आणि त्यासाठी तालुक्याला जाऊन रोज बुडते. मी देतो म्हणून बसलोय. मागं लावायला पांढरा पडदा लागेल ना? काय घेऊ?

पन्नासचा_लेन्स

इतवारीत कापड लाइनला जा, अडीच मीटर पांढरं सुती घे. सॅटिन घेऊ नको, चमकते. आणि दोन चिमटे आणि सुतळी ने, खिळा ठोकायला कोणी भिंत देत नाही.

वैनगंगेकाठची

सोमवारी नाही जमलं तर शनिवारी जा, पण तिला आधी निरोप द्या. साडी नेसून येईल ती.